आधी हवा, मग क्रँक : एक प्रस्तावना

जास्त फेऱ्यांच्या शर्यतीच्या इंजिनाला कोणता क्रँकशाफ्ट घालावा, हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने धरला जातो. आधी क्रँक निवडायचा, मग त्यावर इंजिन किती फिरेल याचा अंदाज बांधायचा, असा क्रम तरुण मंडळींच्या बोलण्यात सर्रास आढळतो. फ्लॅट-प्लेन जातीचा क्रँक घेतला की इंजिन आपोआप किंचाळू लागेल, अखंड पोलादी ठोकळ्यातून कोरलेला क्रँक बसवला की हजारभर फेऱ्या वाढतील, अशी समजूत त्यामागे असते. या पुस्तिकेची मांडणी नेमकी उलट क्रमाने केली आहे. इंजिनाने किती फिरावे हे त्याला मिळणारी हवा ठरवते. तेवढे फिरताना पिस्टनला किती पळावे लागेल हे स्ट्रोक ठरवतो. त्या पळापळीतून जी बले उत्पन्न होतात ती फ्रेमकडे जातील, बेअरिंगवर बसतील की मागच्या टायरपर्यंत पोहोचतील, एवढे ठरवणे क्रँकच्या वाट्याला उरते. हे काम लहान नाही. पण ते शेवटचे काम आहे, पहिले नव्हे. क्रँक फेऱ्या देत नाही. तो फेऱ्या सोसतो आणि त्यांना वळण लावतो. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याच्या आधारावर उभी आहेत, म्हणून त्याचे पुरावे आणि त्यावरचे आक्षेप इथेच सविस्तर मांडतो.

नरडाण्यात बसून शर्यतीच्या इंजिनावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारेल. शिंदखेडा तालुक्यातले हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन आहे, इथे औद्योगिक वसाहत आहे आणि आसपास तापीकाठची शेती आहे. या पट्ट्यात क्रँकशाफ्ट ही अनोळखी वस्तू नाही. लाखो किलोमीटर धावून आलेल्या ट्रकचा क्रँक उतरवणे, त्याचे जर्नल मायक्रोमीटरने मोजणे, ग्राइंडिंगला पाठवणे आणि पाव किंवा अर्धा मिलिमीटर अंडरसाइझ बेअरिंग घालून पुन्हा बांधणे हे ज्ञान महामार्गालगतच्या गॅरेजांत पिढ्यानपिढ्या मुरलेले आहे. दुसरीकडे धुळे, शिरपूर, जळगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले आता स्वतः गाडी बांधून स्पर्धेला उतरू पाहतात. पहिल्या वर्गाच्या हातात कसब आहे आणि दुसऱ्याच्या वहीत समीकरणे आहेत. क्रँकच्या निवडीला दोन्ही लागतात, आणि दोघांची गाठ घालून देणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करू. शेतीपंपावर आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सारखेच दिसणारे किर्लोस्करांचे टीव्ही-१ हे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन ८७.५ मिलिमीटर बोअरचे आणि ११० मिलिमीटर स्ट्रोकचे आहे. मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर ते ५.२ किलोवॅट शक्ती देते. त्याच्याशेजारी पुण्याजवळ चाकणला बनणारे, २०१३ मध्ये आपल्याकडे आलेले केटीएम ३९० चे ३७३ सीसी इंजिन ठेवा. त्याचा बोअर ८९ आणि स्ट्रोक ६० मिलिमीटर. दोघांचे पिस्टन व्यासाने जवळजवळ सारखे आहेत. पण टीव्ही-१ चा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेपाच मीटर चालतो, तर केटीएमचा ९,५०० फेऱ्यांवर सेकंदाला १९ मीटर पळतो. वेगापेक्षाही त्वरणाचा हिशेब बोलका आहे. क्रँकची त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग हे मूल्य टीव्ही-१ मध्ये गुरुत्वाच्या सुमारे १३८ पट भरते. केटीएममध्ये ते ३,००० पटींच्या पुढे जाते. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला असताना त्यात आणखी सुमारे पाव हिस्सा भर पडते. समजा पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून ४०० ग्रॅम वजन आहे; तर त्याला थांबवून उलट फिरवण्यासाठी ही भर न धरताही सुमारे १.२ टनांचे बल लागते, आणि ते सेकंदाला १५८ वेळा. फेऱ्या दुप्पट झाल्या की बल चौपट होते, स्ट्रोक निम्मा केला की ते निम्मे होते. क्रँकचा सगळा विचार या दोन वाक्यांत सामावलेला आहे. पहिले वाक्य भीती घालते, दुसरे वाट दाखवते.

क्रँक म्हणजे काय हे सांगायला जात्याइतके चांगले उदाहरण नाही. खुंटा मध्यापासून बाजूला असतो म्हणून हाताच्या मागेपुढे होण्यातून पाळी फिरते. दळणाऱ्या बाईचा हात एका टोकाला थांबतो, उलटतो, पुन्हा वेग घेतो. पाळीचे वजन त्या थांबण्याची उणीव भरून काढते. समोर दुसरी बाई बसली की ओढ अधिक एकसारखी होते. पिस्टन म्हणजे तो हात, खुंटा म्हणजे क्रँकपिन, पाळी म्हणजे फ्लायव्हील. जाते जितके भरभर फिरवावे तितका हात धान्यापेक्षा स्वतःचेच वजन थांबवण्यात आणि उलटवण्यात दमतो, हे दळलेल्या कुणालाही कळते. शर्यतीच्या इंजिनात हेच घडते: अत्युच्च फेऱ्यांवर क्रँकपिनवर येणारा भार जळणाऱ्या वायूपेक्षा पिस्टनच्या स्वतःच्या जडत्वाचाच अधिक असू शकतो.

आता हवा. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत, जी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते, पेट्रोल इंजिनासाठी दोन बंधने आहेत: आकार ७१० सीसीपर्यंत, आणि इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्रातूनच गेली पाहिजे. हवेने त्या छिद्रात ध्वनीचा वेग गाठला की पलीकडून कितीही ओढले तरी जास्त हवा येत नाही. गणित केले तर ही मर्यादा सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅम येते, प्रत्यक्षात थोडी कमीच. ६०० सीसीचे चार सिलिंडरचे मोटरसायकल इंजिन प्रत्येक सिलिंडर पूर्ण भरते असे धरले तर १२,००० फेऱ्यांच्या आसपास ७० ग्रॅम हवा मागते. म्हणजे तिथेच दार बंद झाले. त्यापुढे क्रँक सोन्याचा घातला तरी वाढलेल्या फेऱ्यांतून घर्षणाखेरीज काही वाढत नाही. ३७३ सीसीचे एक सिलिंडर ९,५०० फेऱ्यांवर सरासरी ३५ ग्रॅमच मागते, मर्यादेच्या निम्म्याहून कमी. पण ते सलग श्वास घेत नाही. चार स्ट्रोकच्या चक्राच्या साधारण एक तृतीयांश काळातच त्याचा इनलेट वाल्व उघडा असतो, आणि तेवढ्या वेळात मागणी तिपटीच्या घरात जाऊन मर्यादा ओलांडते. त्यामुळे अशा इंजिनाला क्रँकपेक्षा आधी नीट आकारमानाचा प्लेनम, म्हणजे छिद्र आणि वाल्व यांच्यामधला हवेचा साठा, हवा असतो. ज्या संघाने प्लेनमचा हिशेब केला नाही आणि क्रँक हलका करून आणला, त्याने पैसा चुकीच्या जागी लावला असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतले छिद्र हे कृत्रिम बंधन आहे. मोकळ्या इंजिनात क्रँकच फेऱ्यांची मर्यादा ठरवतो. मोकळ्या इंजिनांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. कीथ डकवर्थ यांनी रेखाटलेले कॉसवर्थ डीएफव्ही हे तीन लिटरचे व्ही-८ इंजिन ४ जून १९६७ रोजी झांडवूर्टला पहिल्यांदा शर्यतीत उतरले आणि जिम क्लार्क यांच्या लोटसने त्याच दिवशी शर्यत जिंकली. त्याचा स्ट्रोक ६४.७७ मिलिमीटर होता आणि ते ९,००० फेऱ्यांवर सुमारे ४०० अश्वशक्ती देत असे. चाळीस वर्षांनी फॉर्म्युला वनची २.४ लिटरची व्ही-८ इंजिने नियमाने १९,००० आणि २००९ पासून १८,००० फेऱ्यांवर रोखावी लागली. फेऱ्या दुप्पट झाल्या; क्रँकची मूळ जात मात्र तीच राहिली, दोन्ही फ्लॅट-प्लेन. बदलले ते इतर. स्ट्रोक ४० मिलिमीटरच्या आसपास आला, त्यामुळे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.४ मीटरवरून जेमतेम २४ वर गेला. वाल्वच्या पोलादी स्प्रिंगा, ज्या ठरावीक फेऱ्यांपुढे वाल्वला वेळेत परत बसवू शकत नाहीत, त्यांची जागा दाबाखालच्या वायूने घेतली. रेनोने हे १९८६ मध्ये शर्यतीत आणले. म्हणजे दुप्पट फेऱ्यांचे श्रेय आखूड स्ट्रोकला, मोठ्या बोअरमुळे मावलेल्या मोठ्या वाल्वना आणि त्यांच्या वायुस्प्रिंगांना आहे. योगायोगाने डीएफव्हीचा ९,००० फेऱ्यांवरचा पिस्टनवेग आणि चाकणच्या इंजिनाचा ९,५०० वरचा पिस्टनवेग जवळजवळ एकच आहे. साठीच्या दशकात जगातल्या सर्वोत्तम शर्यतीच्या इंजिनाने जे सोसले ते आज दुकानात मिळणारी मोटरसायकल सोसते, ही गोष्ट आपल्या मुलांनी अभिमानाने आणि थोड्या सावधपणे लक्षात ठेवावी.

फ्लॅट-प्लेन आणि क्रॉस-प्लेन यांच्यातला वाद व्ही-८ इंजिनांचा आहे, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. फ्लॅट-प्लेनमध्ये चारही क्रँकपिन एका पातळीत, १८० अंशांवर असतात. टोकाकडून पाहिले तर सरळ रेघ दिसते. क्रॉस-प्लेनमध्ये ते ९० अंशांवर, अधिकच्या चिन्हासारखे. सुरुवातीची व्ही-८ इंजिने फ्लॅट-प्लेनच होती. प्रवाशांना त्यांचा थरकाप सोसेना, म्हणून कॅडिलॅकने १९२३ मध्ये क्रॉस-प्लेन आणला. थरकापाचे कारण त्याच तिरक्या रॉडमध्ये आहे: पिस्टनची वरच्या अर्ध्या वाटेतली आणि खालच्या अर्ध्या वाटेतली चाल सारखी नसते, आणि त्या फरकातून क्रँकच्या दुप्पट वारंवारतेचे बल उरते. फ्लॅट-प्लेनमध्ये चार सिलिंडरच्या प्रत्येक रांगेत हे बल एकाच दिशेने साठते आणि ९० अंशांच्या व्ही-८ मध्ये दोन्ही रांगांची बेरीज होऊन इंजिन आडवे हादरते. क्रॉस-प्लेनमध्ये ते आपापसात मिटते, पण बदल्यात क्रँकची दोन टोके विरुद्ध दिशांना झोके घेऊ पाहतात, आणि ते थांबवायला जड काउंटरवेट लावावे लागतात. म्हणून क्रॉस-प्लेन जड आणि संथ, फ्लॅट-प्लेन हलका आणि चपळ, अशी त्यांची ख्याती झाली. फ्लॅट-प्लेनचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक खरा, फायदा धुराड्यात आहे: त्याचे सिलिंडर डाव्या-उजव्या रांगेत आळीपाळीने पेटतात, त्यामुळे प्रत्येक रांगेच्या एक्झॉस्ट पाइपात समान अंतराने लहर येते आणि एका सिलिंडरची लहर दुसऱ्याला रिकामे व्हायला मदत करते. म्हणजे इथेही मुद्दा अखेर हवेपाशीच येऊन थांबतो.

शर्यत म्हणजे फ्लॅट-प्लेन, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींकडे पाहावे. तिथली ५.८ लिटरच्या वरची व्ही-८ इंजिने क्रॉस-प्लेन आहेत आणि ती शेकडो मैलांच्या शर्यतीत ९,००० च्या वर फिरत आली आहेत. त्यांचा पिस्टनवेग फॉर्म्युला वनच्या तोडीचा असतो. फोर्डच्या जीटी४० गाडीत १९६० च्या दशकात क्रॉस-प्लेन इंजिनाच्या दोन्ही रांगांचे एक्झॉस्ट पाइप एकमेकांत गुंफून समान अंतराच्या लहरी मिळवल्या होत्या. सापांच्या वेटोळ्यासारखे दिसणारे ते पाइप क्रँक न बदलता काम साधण्याचा उत्तम नमुना आहे. फ्लॅट-प्लेनची किंमतही विसरता येत नाही. डीएफव्हीच्या कंपनांची ख्याती होती. त्याचे टायमिंग गिअर तुटत, तेव्हा डकवर्थ यांना गिअरमालिकेत बारीक टॉर्शन बार असलेले लवचिक हब बसवावे लागले. १९८३ पर्यंत ते इंजिन एकूण १५५ शर्यती जिंकले. क्रँकने फेकलेले बल कुठेतरी झेलावेच लागते. डीएफव्हीने ते हबमध्ये झेलले, नॅस्कारच्या क्रँकने ते स्वतःच्या वजनात झेलले. कोणते झेलणे आपल्या चौकटीला, वजनाला आणि खिशाला परवडते, हा निवडीचा प्रश्न.

मोटरसायकलच्या जगातले उदाहरण याहून सूक्ष्म आहे आणि मला ते सर्वांत शिकवणारे वाटते. एका रांगेतल्या चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनात, क्रँक फ्लॅट असल्यामुळे, चारही पिस्टन एकाच क्षणी थांबतात: दोन वर, दोन खाली. मग चारही एकदम वेग घेतात. थांबताना ते आपली गतिज ऊर्जा क्रँकला देतात, पळताना परत मागतात. या देवघेवीने क्रँकवर जो पिळाचा चढउतार होतो तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, आणि साखळीवाटे मागच्या टायरपर्यंत पोहोचतो. वळणावर कललेल्या गाडीच्या स्वाराला त्यामुळे आपण मुठीने मागितलेली ओढ कोणती आणि इंजिनाने मध्येच घातलेली कोणती हे कळेनासे होते. यामाहाचे अभियंता मासाओ फुरुसावा यांनी २००४ च्या एम-१ या मोटोजीपी शर्यतीच्या मोटरसायकलमध्ये चार सिलिंडर एका रांगेतच ठेवून क्रँकपिन ९० अंशांवर मांडले. दोन पिस्टन थांबतात तेव्हा उरलेले दोन भर वेगात असतात, आणि देवघेव क्रँकच्या आतल्या आतच मिटते. सिलिंडर २७०, १८०, ९०, १८० अशा विषम अंतराने पेटू लागले. व्हॅलेंतिनो रोस्सी यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला त्या गाडीवर पहिली शर्यत जिंकली आणि पुढे विजेतेपदही. २००९ मध्ये हा क्रँक विक्रीच्या आर-१ मध्ये आला, आणि त्याने जन्माला घातलेला झोका मारायला वेगळा बॅलन्सर शाफ्ट जोडावा लागला. या क्रँकने इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या नाहीत. त्याने स्वाराचा हात आणि टायर यांच्यातला गोंगाट काढला, आणि जिंकायला तेवढे पुरले.

आपल्याकडे व्ही-८ किंवा चार सिलिंडरचा क्रँक हातात येण्याचे प्रसंग थोडे. आपली खरी गाठ एका सिलिंडरशी आहे, म्हणून त्यावर पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण आहे. एका पिस्टनचे बल काउंटरवेटने पूर्ण मारता येत नाही. पिस्टन वर-खाली जातो आणि काउंटरवेट गोल फिरते. वर-खाली बलाइतके वजन लावले तर तेवढाच हादरा आडवा उभा राहतो. म्हणून निम्म्याच्या आसपास भार तोलायचा आणि उरलेला हादरा फ्रेमला सोसवेल अशा दिशेत वळवायचा, हा जुना तोडगा. नवा तोडगा म्हणजे त्याच वेगाने उलट फिरणारा बॅलन्सर शाफ्ट, जो उरलेला अर्धा भाग मारतो. शर्यतीसाठी हा शाफ्ट काढून टाका, वजन आणि घर्षण वाचेल, असा सल्ला हमखास मिळतो. वाचते हे खरे. पण वरच्या हिशेबातली १.२ टनांची जी ओढाताण त्या शाफ्टने निम्मी सांभाळली होती ती आता इंजिनाच्या बोल्टांत, वेल्डच्या टोकांत, रेडिएटरच्या ब्रॅकेटमध्ये आणि चालकाच्या मनगटात जाते. तासभराच्या शर्यतीत ब्रॅकेट तुटला तर वाचवलेले दोनशे-चारशे ग्रॅम कुणाच्या उपयोगाचे नाहीत. शाफ्ट काढायचाच असेल तर क्रँक नव्याने तोलून घेतला पाहिजे आणि इंजिनाचे आधार नव्याने रेखाटले पाहिजेत. ते केले नसेल तर शाफ्ट जागीच राहू द्यावा. कारखान्याने स्वतः काय केले तेही पाहण्याजोगे आहे: नव्या ३९० मध्ये स्ट्रोक ६४ मिलिमीटर केला, आकार ३९९ सीसीच्या घरात नेला, आणि जास्त शक्ती जुन्यापेक्षा कमी, म्हणजे ८,५०० फेऱ्यांवर मिळवली.

टू-स्ट्रोकचे वेड आपल्या भागातून अजून गेलेले नाही. १९८५ ते १९९६ या काळात इथे विकलेल्या यामाहा आरएक्स १०० चा क्रँक अखंड नाही. तो दोन गोल वेब, मध्ये दाबून बसवलेली पिन, नीडल रोलर बेअरिंग आणि अखंड रॉड असा जोडलेला आहे. याला कारण आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण क्रँककेसमधून जाते, तिथे तेलाचा दाब ठेवता येत नाही, म्हणून बुश बेअरिंग चालत नाही. रोलर घालायचा तर रॉड अखंड हवा, आणि रॉड अखंड तर क्रँक उघडता आला पाहिजे. शिवाय वेब गोल आणि भरीव असले की क्रँककेसमधली मोकळी जागा कमी होते आणि मिश्रण जोराने वर ढकलले जाते. बोअर-स्ट्रोक ५० बाय ५० चे हे इंजिन १०,००० फेऱ्यांवर नेले तरी पिस्टनवेग १७ मीटरच्या आत राहतो. म्हणजे धोका वेगात नाही, जोडात आहे: अचानक पिळाने दाबून बसवलेली पिन वेबमध्ये सरकते आणि क्रँक वाकडा फिरू लागतो. म्हणून जुने मिस्त्री क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने ट्रू करतात आणि मग पिनला वेल्डचे टाके देतात. या हस्तकौशल्याला पुस्तिकेत पूर्ण मान दिला आहे. टाके मात्र ट्रू केल्यानंतर, थोडे आणि समोरासमोर द्यावेत. उष्णतेने रोलरची वाट मऊ झाली तर दुरुस्तीच रोग ठरते.

धातूविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ओतीव, फोर्ज केलेला आणि ठोकळ्यातून कोरलेला ही चढती श्रेणी आहे, असे धरून चालतात. ओतीव क्रँक कमी दर्जाचाच, हे तितकेसे खरे नाही. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ज्या जातीचे एसजी आयर्न ओतले जाते, तशा लोखंडाचे क्रँक साध्या गाड्यांत आयुष्यभर टिकतात. उच्च फेऱ्यांना मात्र तो पुरत नाही, कारण प्रत्येक फेरीत उलटसुलट येणाऱ्या ताणाने धातू थकतो. फोर्जिंगमध्ये सुमारे १,२०० अंशांपर्यंत तापवलेले पोलाद साच्यात दाबतात, तेव्हा त्याचे तंतू क्रँकच्या वळणांबरोबर वळतात. नीळकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत फोर्जने याच कामात जगभर नाव मिळवले. नरडाण्याहून धुळ्याकडे जाताना लागणाऱ्या सोनगीरच्या तांबटांना ठोकलेल्या धातूचे बळ वेगळे सांगावे लागत नाही. त्यांचे ठोके थंड भांड्यावर पडतात आणि धातू कडक करतात, फोर्जिंग लालबुंद पोलादाला दिशा देते, एवढा फरक ध्यानात घ्यावा. ठोकळ्यातून कोरलेल्या क्रँकमध्ये हे तंतू वळणांपाशी कापले जातात. मग फॉर्म्युला वनसारख्या ठिकाणी कोरलेलेच क्रँक का, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असे की तिथे क्रँक मोजकेच लागतात, फोर्जिंगचा साचा परवडत नाही, आकार वरचेवर बदलत आला आहे, आणि मुळात वापरलेले पोलाद निर्वात भट्टीत पुन्हा वितळवून इतके शुद्ध केलेले असते की कापलेल्या तंतूंचे नुकसान भरून निघते. तिथल्या नियमांनी क्रँक लोहाधारित मिश्रधातूचाच असावा असे घातलेले बंधनही विसरू नये. बाजारात मिळणाऱ्या साध्या ईएन-२४ च्या गोल दांड्यातून कोरलेला क्रँक त्या जातीचा नव्हे, आणि चांगल्या फोर्ज केलेल्या कारखानी क्रँकपेक्षा तो सरस असेल असे मानायला आधार नाही.

क्रँक तुटतो तो बहुधा जर्नल आणि वेब यांच्या सांध्यापाशी, ज्याला वर्कशॉपमध्ये रेडियस म्हणतात. तिथली गोलाई पुरेशी, गुळगुळीत आणि दाबून किंवा नायट्रायडिंगने मजबूत केलेली असेल तर साधे पोलादही टिकते; तिथे ग्राइंडिंगच्या चाकाची एक तीक्ष्ण रेघ राहिली तर महागडे पोलादही जाते. महामार्गावरच्या सवयीला इथे धोका आहे. ट्रकच्या क्रँकला इंडक्शन हार्डनिंगचा काही मिलिमीटर खोल थर असतो, म्हणून त्याचे जर्नल एकदा-दोनदा ग्राइंड केले तरी कठीण पृष्ठ शिल्लक राहते. नायट्राइड केलेल्या शर्यतीच्या क्रँकचा थर साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचाच. अर्धा मिलिमीटर अंडरसाइझ केले की पृष्ठभागावरून पाव मिलिमीटर गेले. थर पातळ असेल तर तो सबंध गेला. असा क्रँक ग्राइंडिंगनंतर पुन्हा नायट्राइड करावा, नाहीतर बाजूला ठेवावा. ट्रकवर वर्षानुवर्षे खरे ठरलेले कसब इथे तसेच्या तसे लावू नये, ही विनंती मी मिस्त्रींच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवूनच करतो.

हलक्या क्रँकविषयी शेवटचा मोठा आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य आहे. हलका क्रँक खालच्या गिअरमध्ये गाडीला भराभर वेग घेऊ देतो, कारण फिरणाऱ्या वस्तुमानाला वेग देण्यात कमी शक्ती खर्च होते. स्थिर वेगात मात्र त्याने एक अश्वशक्तीही वाढत नाही. वजन काउंटरवेटमधून काढले तर तेच बल मेन बेअरिंगवर बसते, आणि तेलाचा थर फाटायला तेवढे निमित्त पुरते. टायरलाही थोडे जडत्व हवे असते. ते नसेल तर चाक पटकन सुटते. २०१७ च्या मोटोजीपी हंगामासाठी सुझुकीने निवडलेल्या क्रँकचे जडत्व गाडीला मानवले नाही, आणि हंगामाच्या सुरुवातीला इंजिनाची रचना गोठवली जात असल्यामुळे तो वर्षभर तसाच सोसावा लागला. जगातल्या निवडक अभियंत्यांचीही इथे चूक होऊ शकते, म्हणून पाच-दहा टक्क्यांच्या टप्प्यांनी, घड्याळ लावून आणि चालकाला विचारून वजन काढावे. एका रात्रीत लेथवर नव्हे.

विजेच्या गाड्या आल्या, आता क्रँक शिकून काय करायचे, असेही म्हटले जाते. स्पर्धांमध्ये त्यांचा स्वतंत्र गट आहे आणि तो वाढणार. पण आमच्या भागातले ट्रक, ट्रॅक्टर आणि पंप अजून बरीच वर्षे क्रँकवरच फिरणार आहेत, आणि थकणारा धातू, तोल आणि पिळाची कंपने हे विषय मोटरच्या शाफ्टलाही चुकत नाहीत.

वाचकांना एक विनंती आहे. कोणताही क्रँक विकत घेण्यापूर्वी किंवा आहे तो लेथवर चढवण्यापूर्वी एका कागदावर पाच आकडे लिहावेत: इंजिनाला मिळणारी हवा, ती संपते त्या फेऱ्या, त्या फेऱ्यांवरचा पिस्टनवेग, पिस्टन-पिन-रिंगांचे तराजूवर मोजलेले वजन, आणि मेन जर्नलचा डायल गेजवरचा डोल. त्यांचे गणित पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात पायरीपायरीने दिले आहे. विद्यार्थ्यांनी ते मिस्त्रींबरोबर बसून करावे, मिस्त्रींनी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. कुठे आकडा चुकलेला आढळला किंवा आपल्या हाताखालच्या क्रँकने वेगळे काही दाखवले, तर ते कळवावे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली जाईल.

नरडाणा, ता. शिंदखेडा, जि. धुळे